हळद लावलेला बॉल

मी बॉल मांडीला घासला आणि आम्ही मॅच हरलो. इतकं साधं आहे ते. पण हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्या प्रत्येकाने विचारलं, "म्हणजे?" क्रिकेटवाल्याला त्यात गुन्हा दिसत नाही, आणि बेसबॉलवाल्याला कळत नाही की शहाणा माणूस असं करेलच कशाला. मी दोन्हीकडचा, म्हणून दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

तेव्हा आम्ही हाउन्सलोत राहत होतो. ठाण्याहून येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी एअरपोर्टच्या कार्गो शेडमध्ये कामाला, बायको कौन्सिलच्या ऑफिसात. आणि उन्हाळ्यातल्या रविवारी मी बेसबॉल खेळायचो. इंग्लंडमध्ये बेसबॉल खेळणं म्हणजे ठाण्यात बर्फावरची हॉकी खेळण्यासारखं. बघायला कुणी येत नाही. आमचं मैदान म्हणजे पार्कचा एक कोपरा, वर दर दोन मिनिटांनी विमान, आणि प्रेक्षक म्हणून कुत्री फिरवायला आलेली माणसं. तीही विचारायची, हे राउंडर्सच ना, शाळेत मुली खेळतात ते? सुरुवातीला मी भांडायचो. नंतर म्हणायला लागलो, हो हो, तेच.

मी त्यात शिरलो तो एका बॉलमुळे. शिफ्ट संपवून पार्कातून घरी चाललो होतो, तर एक बॉल गडगडत पायाशी आला. लांबून कुणीतरी हात केला. मी ठाण्यात बारा वर्षं बाउंड्रीवर उभा राहिलेला माणूस. उचलला आणि फेकला, थेट त्या माणसाच्या हातमोज्यात. तो धावत आला. कॅनडाचा होता, धंद्याने दातांचा डॉक्टर, आणि त्या टीमचा कोच. म्हणाला, पुन्हा फेक. मी फेकला. म्हणाला, रविवारी ये.

मी मीडियम पेस टाकायचो, स्विंग बरा होता. पण आपल्याकडे कोपरात हात वाकला की संपलं, 'फेकी' म्हणून शिक्का बसतो आणि तो शिक्का घेऊन माणूस तोंड लपवत फिरतो. इथे सगळं उलटं. इथे फेकायचंच होतं. ज्याला बापाने आयुष्यभर सांगितलं की हात सरळ ठेव, त्याला तो दंतवैद्य सांगत होता की वाकव, अजून वाकव. एक वर्ष लागलं. दुसऱ्या वर्षी त्याने मला रिलीफ पिचर केलं.

रिलीफ पिचर म्हणजे काय ते सांगतो. मॅच नऊ इनिंगची. सुरुवातीचा पिचर पाच-सहा इनिंग फेकतो आणि त्याचा खांदा थकतो. मग दुसरा येतो. सगळ्यात शेवटी, जेव्हा आपण एखाद्या रनाने पुढे आहोत आणि समोरच्यांचे फक्त तीन गडी आउट करायचेत, तेव्हा जो येतो तो मी. तोवर दोन अडीच तास कुंपणाशी बसायचं. खांदा गार पडू द्यायचा नाही, डोकं गरम होऊ द्यायचं नाही. माझ्या नाकावर राग असतो, त्यामुळे दुसरं जास्त अवघड. पण मला ते काम आवडायचं. शेडमध्ये मी कुणाचाही माणूस होतो, ज्याची दांडी पडेल त्याच्या जागी उभा. इथे शेवटची इनिंग माझी होती. नावावर असलेली अशी दुसरी गोष्ट माझ्याकडे नव्हती, हे आता सांगायला लाज वाटत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात बाबा आले, सहा महिन्यांसाठी. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा म्युनिसिपाल्टीच्या शाळेत पीटीचे मास्तर, आणि संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या क्रिकेट क्लबाचे सर्वेसर्वा. कोच तेच, टीम निवडणारे तेच, दुसऱ्यांच्या मॅचला अंपायरही तेच. लेदरचा बॉल हाती आला की तो आधी मांडीला घासायचा, हे त्यांनी मला आठव्या वर्षी शिकवलं. एक बाजू चकचकीत राहिली तर बॉल वळतो, हे कारण होतंच. पण ते तेवढ्यावर थांबायचे नाहीत. म्हणायचे, "बॉल पुसायचा. त्याचा मान राखायचा. ज्याला बॉल पुसायचा कंटाळा, त्याला खेळायचाही कंटाळा." मी पुसत आलो. उजवी मांडी, तीन वेळा, खालून वर. झोपेतही केलं असेल.

पण बाबांनी मला खेळवलं नाही. लोक म्हणतील मास्तरने पोराला वशिल्याने घेतलं, म्हणून. तीन सीझन मी त्यांच्या टीमचा बारावा गडी होतो. बदली म्हणून बाउंड्रीवर उभं राहायचं, नाहीतर पाणी न्यायचं. बॉलिंग मिळाली ती पुढे ऑफिसच्या टीमकडून. ह्यावर आम्ही बापलेक कधी एक शब्द बोललो नव्हतो.

हाउन्सलोत आल्यावर मी त्यांना माझं काम समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बारावा गडीच की."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बारावा गडी पाणी नेतो, बाबा. मी मॅच संपवतो."

"बघू," ते म्हणाले.

बघायला आले ते ऑगस्टमध्ये, क्रॉयडनच्या बाजूला एका टीमशी मॅच होती तेव्हा. मी, बायको आणि बाबा ट्रेन बदलून, ट्रॅम पकडून गेलो. बाबांनी डब्यात पोह्यांचा चिवडा घेतला होता आणि इनिंगगणिक तो मूठमूठ वाटत होते. शेवटच्या इनिंगला बरोबरी होती. कोचने माझ्याकडे बघून बोट केलं. मी गेलो, दोघांना आउट केलं, पण मधे तिघं बेसवर पोहोचले. तिन्ही बेस भरले.

बेसबॉलमध्ये चार बॉल वाईट पडले की बॅटरला पहिला बेस फुकट. आणि बेस भरलेले असतील तर सगळे सोंगट्यांसारखे एक घर पुढे सरकतात, पुढचा घरी पोहोचतो, रन होतो. तीन चांगले पडले की बॅटर आउट. माझे तीन वाईट पडले होते, दोन चांगले. आता एक चांगला पडला की आम्ही सुटलो, एक वाईट पडला की मॅच गेली. बॅटरमागे बसलेल्या आमच्या कॅचरने बॉल परत फेकला. मी कुंपणाकडे बघितलं. बाबा उभे राहिले होते. चिवड्याचा डबा हातात तसाच.

मी बॉल मांडीला घासला. खालून वर, तीन वेळा.

समोरचा कोच ओरडत बाहेर आला. बेसबॉलमध्ये पिचरने बॉल कपड्याला घासायचा नाही, असा नियम आहे. बॉलशी खोडी करून तो वळवला जाऊ नये म्हणून. हा नियम मला ठाऊक होता. आमच्या मैदानावरच्या अंपायरांनी मला आधी दोनदा नुसतं दटावून सोडलं होतं, कोच तर दहा वेळा बोलला होता. ह्या अंपायरने सोडलं नाही. त्याने हात वर केला आणि एक वाईट बॉल जाहीर केला. चौथा. न फेकलेला बॉल. तिसऱ्या बेसवरचा माणूस टाळ्या वाजवत चालत घरी आला आणि मॅच संपली.

मी अंपायरवर खेकसलो. नको ते बोललो, मराठीत बोललो म्हणून वाचलो. बायकोने बाजूला ओढलं आणि म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं करू नकोस आता. चल."

कोच ओरडला नाही. दात काढताना बोलत असेल त्याच आवाजात म्हणाला, तुझा हात तुझं ऐकत नाही. जोवर ऐकत नाही तोवर शेवटची इनिंग तुला देता येणार नाही. सीझनची शेवटची मॅच पाच आठवड्यांवर होती आणि ती जिंकली तरच आम्ही वरच्या डिव्हिजनला जाणार होतो. माझी जागा त्याने एका कॉलेजातल्या मुलाला दिली.

परतीच्या ट्रॅममध्ये बसलो. बाबा मधेच म्हणाले, "बॉल पुसणं हा गुन्हा? कुठल्या गाढवाचा नियम हा?"

आणि मी फुटलो. ट्रॅम भरलेली होती, तरी फुटलो. म्हटलं, "नियमाला नाव ठेवू नका. पुसायला तुम्ही शिकवलंत. इतकं शिकवलंत की हात कापला तरी पुसेल. आणि शिकवून खेळवलं मात्र नाहीत. तीन वर्षं पाणी न्यायला लावलंत. आता इथे जरा काही माझं होतं, तेही गेलं."

बायकोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बाबांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. घरी येईपर्यंत त्यांनी डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. मला बोलल्याचं वाईट वाटत होतं आणि बोललो ते बरं झालं असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिफ्टवरून आलो तर ते टेबलाशी चष्मा लावून बसले होते. समोर माझं नियमांचं पुस्तक आणि बाजूला डिक्शनरी. मान वर न करता म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. नियम आहे. मी अंपायर असतो तर मीही दिला असता." मग म्हणाले, "तुझा जुना पांढरा ड्रेस आणलायस ना इकडे? क्रिकेटचा? तो घाल. पार्कात चल."

बायकोने विचारलं, "बाबा, हळदीचा डबा कुठे नेताय?"

"काम आहे," ते म्हणाले.

पार्कात टेनिस कोर्टाच्या जाळीला आमची एक जुनी सतरंजी बांधली. तिच्यावर खडूने चौकोन काढला. बाबा माझ्या बाजूला बादलीत दहा-बारा जुने बॉल घेऊन उभे राहिले. एकेक बॉल हळदीत घोळवायचे आणि माझ्याकडे टाकायचे. मी झेलायचा, सतरंजीवर फेकायचा. बस्स. हात मांडीकडे गेला की पांढऱ्या पँटवर पिवळा पट्टा. वाद नाही, सबब नाही, अंपायर नाही. पहिल्या दिवशी तीस बॉलांत सत्तावीस पट्टे. मला वाटलं होतं दहाएक असतील. मी शपथेवर सांगितलं असतं की घासला नाही, आणि पँट दाखवत होती की घासलाय. माझा हात मला न विचारता संसार करत होता.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," घरी आल्यावर बायको पँट बघून म्हणाली. "आणि हळदीचा डाग तर त्याच्यानंतरही जात नाही. मी धुणार नाही ही."

"धुवायची नाहीच," बाबा म्हणाले. "रोज नवा डाग ओळखू यावा म्हणून मी पेनाने खुणा केल्यात."

रोज. शिफ्ट सकाळची असली की संध्याकाळी, दुपारची असली की सकाळी. अंग मोडून यायचं, शेडमध्ये खोकी उचलून खांदा आधीच बोलत असायचा. एकदा मी म्हटलं, आज राहू द्या. बाबा बादली उचलून दाराशी उभे. त्यांचे गुडघे दुखायचे, जिना उतरताना कठडा धरायचे, पण बादली माझ्या हाती द्यायचे नाहीत. कुत्री फिरवणारी माणसं आता थांबून बघायला लागली होती. एक म्हातारी रोज विचारायची की हा तुमचा धर्माचा विधी आहे का. बाबा तिला म्हणायचे, "येस, डेली." मी हसलो की दोन बॉल जास्त.

दोन आठवड्यांनी तिसांत बारावर आलो आणि तिथेच अडकलो. बाबांनी एक दिवस बादली उलटी करून तिच्यावर बसून नुसतं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हात रिकामा आहे म्हणून भटकतोय. बॉल मोज्यातच राहू दे. उजवा हात पाठीमागे. वर्गात उभं राहतात तसा. कॅचरची खूण आली की मगच पुढे आण." चाळीस वर्षं त्यांनी पोरांचे हात पाठीमागे बांधले होते, त्यात माझा राहिला होता बहुतेक.

तिथून फरक पडला. सात. चार. मग एकदा दोन. सप्टेंबर लागला तेव्हा एका संध्याकाळी तीस बॉल झाले आणि नवा डाग एकही नव्हता. बाबांनी पँट उजेडाकडे करून दोनदा तपासली. शाबास वगैरे काही नाही. म्हणाले, "आता ओल्या बॉलवर." आणि बादलीत पाणी ओतलं. ओला बॉल हातात आला की पुसावासा वाटणारच. पुन्हा सहा डाग. मी बॉल आपटला. बाबा म्हणाले, "आपटू नको. ओला असेल तर अंपायरकडे दुसरा माग. पुस्तकात आहे. तू पुस्तक वाचतच नाहीस, नुसता चिडतोस." मी घरी येऊन पुस्तक वाचलं. मागता येतो.

कोचला मी सगळं दाखवलं. त्याने सरावात मला पाऊण तास फेकायला लावलं, हातावर नजर ठेवून. शेवटी म्हणाला, बरं आहे. पण शेवटची इनिंग त्या मुलाचीच, मी त्याला शब्द दिलाय. तू कुंपणाशी तयार राहा. मला राग आला आणि पटलंही. शब्द दिलेला मोडणारा माणूस मलाही आवडला नसता.

शेवटची मॅच रविवारी, आमच्याच पार्कात. सकाळी विहारात वंदना होती. बायको आणि बाबा तिकडून थेट आले. बायको पांढऱ्या साडीत, वर पावसाळी अनोरॅक. बाबा पांढरा सदरा, कडक इस्त्रीची पांढरी पँट. पाऊस नव्हता, पण इथे असतं तसं हवेतच पाणी होतं. मी कुंपणाशी बसलो. तिसरी इनिंग, पाचवी, आठवी. आम्ही एका रनाने पुढे. नवव्या इनिंगला तो मुलगा गेला. दोघांना आउट केलं, आणि मग त्याचा धीर सुटला. एक, दोन, तीन, बेस भरले. चेहरा पांढराफटक. मला त्याची कीव आली, कारण मी तिथे उभा राहून आलो होतो.

कोच चालत मैदानात गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग कुंपणाकडे वळून बोट केलं.

मी गेलो. पहिले दोन चांगले पडले. पुढचे तीन वाईट. पुन्हा तेच गणित, एक इकडे की आम्ही वर, एक तिकडे की बरोबरी, आणि बरोबरी झाली की मी पुन्हा तोच. कॅचरने बॉल परत फेकला. हातात आला आणि कळलं की तो गवतातून भिजून आलाय. अगदी चिंब. उजवा हात निघाला. खरं सांगतो, निघाला. मला तो जाताना दिसला. मी तो पाठीमागे नेला आणि तिथेच ठेवला.

मग मी अंपायरला हाक मारली आणि म्हटलं, बॉल ओला आहे, दुसरा द्या. त्याने माझ्याकडे बघितलं, खिशातून नवा काढला आणि टाकला. मी तो मोज्यात घेतला. कुंपणाकडे बघितलं नाही. खूण आली, फेकला. बॅटरने घुमवली, बॉल बॅटच्या वरच्या कडेला लागला आणि सरळ वर गेला, इतका वर की खाली यायला त्याला वेळ लागला. आमच्या तिसऱ्या बेसवरच्या फील्डरने दोन पावलं मागे घेऊन तो झेलला.

गर्दी झाली, पाठीवर धपाटे पडले, तो कॉलेजातला मुलगा माझ्या गळ्यात पडून रडला. कोचने बॉल आणून माझ्या हातात दिला. म्हणाला, ठेव.

मी तो कुंपणाशी नेऊन बाबांना दिला. गर्दीत पायाखाली आल्याने चिखल लागलेला, गवताचा हिरवा वळ उठलेला. बाबांनी तो हातात फिरवून बघितला, शिवण अंगठ्याने चाचपली. आणि आपल्या पांढऱ्या पँटवर घासला. खालून वर, तीन वेळा.

"अहो बाबा," बायको म्हणाली, "आता हा डाग कोण काढणार?"

बाबांनी पँटकडे बघितलं. मग मैदानाकडे, जिथून मी आलो होतो तिथे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हा तुला खेळवायला पाहिजे होतं. लोक काय, बोललेच असते. मी घाबरलो." आणि बॉल खिशात टाकला. मला तो परत मिळाला नाही. ठाण्याला आहे, कपाटात, आईच्या फोटोशेजारी.